दोन बोटं मार्जिन

आई,

आज रविवार आहे, दुपारचे अडीच वाजलेत आणि पंखा गरम हवाच इकडून तिकडे फिरवतोय. चार वाजता मला खाली जायचंय, काकूंकडे शिवण शिकायला. हो, शिवणच. हसू नकोस. त्याबद्दलच तुला सांगायचंय, पण त्याआधी बाकीचं बरंच सांगावं लागेल. तू गेलीस तेव्हा मी तेरा वर्षांची होते आणि सोलापूर आपल्याला दवाखान्यापुरतंच माहीत होतं. आता मी सत्तावीस वर्षांची आहे. सात रस्त्याजवळच्या एका लॅबमध्ये रक्ताचे रिपोर्ट टाइप करते आणि यंत्रमागांचा खडखडाट दिवसभर ऐकू येतो अशा गल्लीत, एका घराच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहते. खाली घरमालकीण काकू, काका आणि त्यांची मुलगी असतात. मुलगी माझ्याच लॅबमध्ये काउंटरला आहे, ही खोलीही तिनंच मिळवून दिली. ती माझी चांगली मैत्रीण आहे आणि मी तिच्यावर जळते. दोन्ही खरं आहे.

शनिवारची संध्याकाळ म्हणजे इथं काय असतं, तुला कसं सांगू? आपल्या नातेपुत्यात बाजाराच्या दिवशी बायका कशा जरा बऱ्या साड्या नेसून निघायच्या, तसं इथं सगळं शहरच निघतं. फक्त भाजी कुणी घेत नाही. आधी नव्या पेठेत कपडे बघायचे, मग पिक्चर, मग पार्क चौकात उभ्या उभ्या काहीतरी चटकदार खायचं आणि या सगळ्याचे फोटो काढायचे. फोटो कायम मीच काढते, कारण फोटोत कायम ती असते. हल्ली कोऑर्ड सेटची लाट आहे, म्हणजे वर-खाली एकाच कापडाचे कपडे. तू त्याला सरळ नाइटसूट म्हणाली असतीस. कोरियन पँट म्हणून जे विकतात तो आपला पायजमाच, फक्त त्याची किंमत ऐकून नाडी गळून पडावी. साडीवर पांढरे बूट घालतात. शुक्रवारी पिक्चर लागतो आणि पुढच्या शुक्रवारी त्यातल्या नायिकेचा ड्रेस दुकानाबाहेर लटकत असतो, तोही अशा कापडाचा की एका धुण्यात त्याची रया जावी. मी शिवण उलटी करून बघते आणि नाक मुरडते. मैत्रीण तोच ड्रेस घालून आरशासमोर उभी राहते आणि तो तिला असा काही दिसतो की माझं मुरडलेलं नाक तसंच राहतं. तोच मी घातला तर मी गणवेशातली नर्स दिसते. हे मी तिला हसत हसत सांगते आणि तीही हसते. तिनं निदान एकदा तरी नाही म्हणावं, असं मला वाटतं.

पण खरं सांगू, मी तिच्या कपड्यांवर जळत नाही. दर शनिवारी पाच वाजता खाली मायलेकींचं भांडण सुरू होतं, मी जळते ते त्याच्यावर. त्यांचं घर तेलुगू बोलणारं. मला शब्द कळत नाहीत, पण जिन्यात उभी राहिले की सगळं कळतं. गळा केवढा खोल आहे, ओढणी कुठं आहे, हे असलं घालून बाहेर जाणार का, लोक काय म्हणतील. मग पाय आपटत ती वर येते. "कसली अम्मा आहे बे ही! ओढणी घे म्हणती. पिक्चरला चाललोय का कीर्तनाला?" मी म्हणते, "जाऊ दे गं, आया अशाच असतात." जणू मला काय ते ठाऊकच आहे! चौदा वर्षांत माझ्या गळ्याच्या खोलीबद्दल कुणी चकार शब्द काढलेला नाही. वडील म्हणून बापू आहेत, पण त्यांना फोनवर सांगितलं की पिक्चरला चाललेय, तर ते म्हणतात, "जा की, सांभाळून जा." बास.

तुझी पिक्चर बघण्याची तऱ्हा आठवते का तुला? अकलूजला आपण दोघी एसटीनं गेलो होतो. मला वाटलं होतं, माझी परीक्षा संपली म्हणून नेतेस. अंधारात बघते तर तू खडूचा तुकडा घेऊन तळहातावर काहीतरी काढत होतीस. नायिका पाठमोरी झाली की तुझी मान पुढं. बाहेर आल्यावर मी विचारलं, "आई, शेवटी तो मेला का गं?" तर तू म्हणालीस, "कोण? मागच्या गळ्याला लेस दुहेरी हुती का एकेरी, बगितलंस का तू?" मेडिकलवाल्याच्या मुलीला तुझ्याकडून तसाच ड्रेस शिवून हवा होता, म्हणून ती सगळी वारी. माप माझ्याच अंगावर घेतलंस, कारण ती आणि मी सारख्याच अंगाच्या. टाचण्या लावलेला तो गुलाबी ड्रेस मी दहा मिनिटं घातला. "बसू नगं, टाचनी टोचंल," म्हणालीस, म्हणून मी उभीच होते. मग तू तो माझ्या डोक्यावरून काढून घेतलास आणि मी परत माझ्या ढगळ फ्रॉकमध्ये शिरले. त्या फ्रॉकला आत इतकं कापड दाबलेलं होतं की त्यात आणखी एक मुलगी मावली असती.

दुसऱ्या दिवशी तू विहिरीवर धुणं घेऊन गेलीस तेव्हा मी काय केलं, ते तुला माहीत आहे. फ्रॉक उलटा केला, दोन्ही बाजूंनी आत शिलाई मारली आणि तुझी मोठी कात्री घेऊन आतलं सगळं कापड कापून टाकलं. अंगात घातला तर अगदी त्या गुलाबी ड्रेससारखा चापून बसला. तू आलीस, मला बघितलंस, फ्रॉकचा काठ उलटा करून बघितलास. मला वाटलं, आता थोबाडीत बसते. पण तू खालीच बसलीस. "आतलं कापड कापलंस व्हय गं? आता वाडशील तवा काय घालशील? का हितंच थांबनार हायस?" मग माझा हात ओढून कापडावर माझीच दोन बोटं टेकवलीस. "एवडं मार्जिन सोडायचंच. कापलेलं कापड परत येत न्हाय. बाईचं अंग काय एकसारकं ऱ्हातंय व्हय?" त्या दोन बोटांवर तर तुझं नाव उभं होतं. बाळंतीण झालेल्या बायका जुनंच ब्लाउज घेऊन यायच्या, तू एक शिलाई उसवायचीस आणि ते पुन्हा अंगात जायचं. नातेपुत्यात म्हणायचे, हिच्या हातचं ब्लाउज दोन बाळंतपणं काढतं. हे सगळं मला माहीत होतं. म्हणूनच पुढचं सांगायला जड जातंय.

दोनेक महिन्यांपूर्वी लॅबमधल्या सगळ्यांनी मिळून एका रविवारी पिक्चरला जायचं ठरलं. मैत्रिणीला काहीतरी खास हवं होतं. काकूंनी ट्रंकेतून स्वतःच्या लग्नातली जांभळी रेशमी साडी काढली आणि स्वतःच्या हातानं तिचा पायघोळ ड्रेस शिवला. आठ दिवस खालच्या मशीनचा आवाज मी वर ऐकत होते. ड्रेस झाला आणि लगेच भांडणही झालं, कारण तो सैल होता. ती तो घेऊन वर आली. "तूच घे बे आत. तुला येतंय की. अम्मा म्हणती, लग्न झाल्यावर पण घालायला पाहिजे. आतापासूनच जाड करायलीय मला!" मी ड्रेस उलटा केला. आत दोन्हीकडे अगदी तुझ्यासारखं कापड सोडलेलं होतं, सरळ, दाबून, कडा दुमडून. तिच्या पुढच्या पंधरा वर्षांची सोय होती ती. माझ्या अंगाची अशी सोय बघणारं कुणी नाही, आणि हिला ती ओझं वाटते. मी शिलाई आत घेतली आणि मग कात्री उचलली. तेवढं करायची काही गरज नव्हती. नुसती शिलाई पुरली असती. मी दोन्ही बाजू कापून टाकल्या. तिला म्हटलं, "आत कापड फुगत होतं गं, म्हणून काढलं."

त्या रविवारी ती अशी काही दिसत होती की पॉपकॉर्न देणारा मुलगाही पैसे घ्यायला विसरला. मध्यंतरापर्यंत सगळं ठीक होतं. मग ती खुर्चीत मागे रेलून हात वर करून आळस द्यायला गेली आणि काखेतून कंबरेपर्यंत शिलाईलगतचं रेशीम टर्रकन फाटलं, धरून ठेवायला आत कापडच नव्हतं. उरलेला पिक्चर तिनं माझी ओढणी गुंडाळून बघितला. हो, माझ्याकडे ओढणी होती. मी कायम नेते, कुणी सांगत नसलं तरी.

घरी आल्यावर काकूंनी ड्रेस उलटा केला आणि कापलेल्या कडेवरून बोट फिरवत नेलं. "कोण कापलं हे?" मैत्रीण पटकन म्हणाली, "मीच कापलं." बघ, चांगुलपणासुद्धा तिच्याच वाट्याला. काकू म्हणाल्या, "तू गप बस. तुला सुई धरता येत नाही. हे शिकलेला हात आहे, बघ, एक धागा इकडं नाही तिकडं नाही." मग माझ्याकडे वळल्या. "शिवणारणीची पोर म्हणतीस ना तू? अक्कल कुठं ठेवली होतीस? आतलं कापड कापतात का? माझ्या लग्नातली साडी आहे ही! उद्या हिला पोरंबाळं झाल्यावर काय घालणार ही, माझं डोकं?" चांगली दहा मिनिटं त्या मला झापत होत्या, मध्येच तेलुगूत, मध्येच मराठीत. मी मान खाली घालून उभी होते आणि आई, मला बरं वाटत होतं. इतकं बरं मला कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं. हे संपू नये असं वाटत होतं.

शेवटी त्यांनी विचारलं, "कोण शिकिवलं तुला असं कापायला?" मी जळून कापलं, असं म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "आईनं." त्या म्हणाल्या, "तुझी आई आत कापड सोडत नव्हती?" मी म्हटलं, "नाही." काकूंचा रागच उतरला. त्या तुला वाईट बोलल्या असत्या तर मी निदान भांडले तरी असते. पण त्या म्हणाल्या, "बिचारी. तिला तरी कोण शिकिवलं असंल?" नातेपुत्यात नावाजलेली तू, आणि त्या घरात बिचारी झालीस. मग त्या म्हणाल्या, "रविवारी चारला खाली ये. मी शिकवते नीट. असं अर्धवट नको."

तेव्हापासून जातेय. मला सगळं येतं, हे तुला सांगायला नको. पण मी सुईत दोरा ओवायला तीनदा चुकते, शिलाई वाकडी मारते, आणि काकू बोटांवर टेप मारून म्हणतात, "लक्ष कुठं आहे तुझं?" मग चहा मिळतो, बरोबर कडक भाकरी आणि शेंगाचटणी. मैत्रीण पलंगावर मोबाइल घेऊन लोळत असते. मागच्या आठवड्यात म्हणाली, "अम्मा आता तुझीच झाली बे." हसत म्हणाली, पण मला तो आवाज ओळखीचा वाटला. तिच्यासाठी वाईट वाटलं असं लिहायला हवं. वाटलं नाही. फार छान वाटलं.

त्याच दिवशी काकूंनी ब्लाउजची पाठ कापायला घेतली आणि विचारलं, "आत किती सोडायचं, सांग बघू." माझी दोन बोटं आपोआप कापडावर जाऊन टेकली. मी ती उचलून घेतली आणि म्हटलं, "माहीत नाही काकू." त्यांनी टेप लावून खडूनं खूण केली. तुझ्या दोन बोटांइतकीच होती.

आज खाली जाऊन खरं सांगायचं, माझी आई कशी शिवायची ते सांगायचं, असं ठरवून हे लिहायला बसले होते. पण ते सांगितलं की शिकवणी संपली, हेही लिहिता लिहिता कळलं. काकूंनी जिन्यातून हाक मारलीय. हा कागद मी गादीखाली ठेवते. आज त्या बाही जोडायला शिकवणार आहेत. मी उलटी जोडणार आहे.