फोटोतलं एकच ताट

शनिवार, १५ नोव्हेंबर २००३, ट्रॉय

जोशीकाका-काकू जेवायला आले होते. चालू जेवणात सुधीरने डाव्या हाताने माझे जपानचे फोटो त्यांच्यापुढे सरकवले. कुणी सांगितलं होतं? ऑफिसचं काम संपल्यावर तिथल्या एका गरम झऱ्यांच्या गावात मी एकटी राहिले. कढत पाण्यात गळ्यापर्यंत बसून, कुणाच्या हाकेला ओ न देता काढलेली एक रात्र.

काकूंनी एक फोटो डोळ्यांजवळ धरला. मी तिथला सुती किमोनो घालून बसलेय, समोर एकच ताट. "एकटीच गेलीस गं?"

मी तोंड उघडायच्या आत सुधीर म्हणाला, "छे हो! ऑफिसच्या एक बाई होत्या सोबत. त्यांनीच काढलाय फोटो."

धादांत खोटं! आणि काय ती सफाई! बायको एकटी फिरली तर याचं नाक कापलं जातं. माझ्या एका ताटासमोर याने खुशाल एक बाई आणून बसवली.

तेवढ्यात आमची आठ वर्षांची रिया म्हणाली, "नो! आई टुक इट हरसेल्फ. टायमर लावून, कॅमेरा उशीवर ठेवून."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. "हो, एकटीच होते," एवढंच म्हणायचं होतं. सुधीरला तोंडघशी पाडायची इतकी आयती संधी! आणि मी काय केलं? पोरीवर खेकसले, "तुला काय कळतंय? गप्प जेव."

सुधीरवर अजून धुमसतेय. पण रिया अर्धपोटी उठली ती माझ्यामुळे. तिचं ताट तसंच टेबलावर आहे. बाकीची सगळी मी उचलली.