पूर्ण बाह्यांचा सदरा

१६ नोव्हेंबर २००८

जमलं! निकिताचं सटाण्याला जमलं. मुलगा ललित, त्याचे आईवडील आणि मामा आले होते. मुलगा शांत, पतपेढीत नोकरीला. त्याचे वडील मात्र भारी ऐटबाज! जेवताना सदऱ्याची बाही आमटीत बुडली तरी वर सारली नाही. शेजारी आमचे हे, तेही मनगटापर्यंत बटणं लावून. दोघे व्याही गॅदरिंगला नटून आल्यासारखे बसले होते. मला हसू आवरेना.

यांचं कारण मला ठाऊक आहे. कोपरांवर, हातांवर, मानेवर ते चट्टे. सोरायसिस. रोज चादर झटकली की खपल्या पडतात. हा आजार लागत नाही, हे मी माझ्या बालवाडीतल्या पोरांच्या आयांना सांगू शकते. पण सोयऱ्यांना कोण सांगणार!

"पोरीतबी असंल म्हणतील, अन् मोडतील," हे म्हणाले. लग्न मे महिन्यात. कन्यादानाला सगळ्या मांडवासमोर हात पुढे करायचेत, त्याचीच यांना धास्ती.

२९ नोव्हेंबर

नवं खूळ! द्राक्षांवर भुरी येऊ नये म्हणून गंधकाची पावडर मारतात. दरवर्षी आमचा गडी सहादू मारतो, तोंडाला फडकं बांधून. यंदा यांनी यंत्र स्वतःच्या पाठीवर घेतलं. तेही सदरा काढून, एवढ्या थंडीत!

"गंधक म्हंजे कातडीचं औषध हाय. बसू दे अंगावर." फडकंही नाही, कारण ते मानेवरचे चट्टे झाकतं ना!

संध्याकाळी पिवळेधमक होऊन आले. म्हटलं, नवरीच्या आधी बापालाच हळद लागली. निकिता पोट धरून हसली.

१४ डिसेंबर

खपल्या कमी झाल्या! खरंच. कोपर हाताला मऊ लागलं. आज कितीतरी वर्षांनी हे अर्ध्या बाह्यांच्या बनियनवर ओट्यावर बसले, येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलले. मी आत जाऊन रडून घेतलं. आनंदानेच.

खोकला तेवढा वाढलाय. तो जुनाच आहे यांना, आयुष्यात बिडी न ओढता.

२ जानेवारी २००९

स्वतःची बाग पुरली नाही, आता शेजारच्यांच्या बागेतही गंधक मारून आले! पायरी चढताना थांबले. छातीतून शिट्टीसारखा आवाज. मी भांडले, पुरे झालं म्हटलं.

"लग्नापतुर खोकलो तर काय बिघडतं? खोकला काय कोणाला दिसत नाय."

२१ जानेवारी, नाशिक

निफाडच्या डॉक्टरांनी इकडे पाठवलं. इथले डॉक्टर तरुण आहेत. छाती तपासली, मग हात उलटेपालटे करून पाहिले. मला वाटलं, हातांचं काय एवढं?

म्हणाले, "मावशी, सोरायसिस नुसता कातडीचा नसतो. सूज आतही असते. अशा लोकांना श्वासाचे आजार जास्त होतात, असं आता दिसायला लागलंय. यांची फुप्फुसं आधीच अधू होती. त्यात गंधक ओढलं."

मी विचारलं, मग कातडी बरी झाली ती? "वरच्या खपल्या गेल्या, आजार नाही."

वरच्या खपल्या!

२४ जानेवारी

नाकाला ऑक्सिजन. बोलवत नाही. हात तोंडासमोर धरून बघत राहतात.

५ फेब्रुवारी

गेले.

११ फेब्रुवारी

काहीच लिहायचं नव्हतं. चादर झटकली. काही पडलं नाही. तशीच हातात धरून बसले.

सहादू सांगत होता, "आंघोळ घालताना पाह्यलं, तात्याचे हात पार साफ झालते." त्याला वाटलं, मला बरं वाटेल.

१ मार्च

व्याही स्वतः आले. वर्षाच्या आत लग्न झालं नाही तर तीन वर्षं थांबावं लागतं, म्हणून ठरल्या तारखेलाच करू म्हणाले. ओट्यावर ऊन, घामाने भिजलेले, पण बटणं मनगटापर्यंत लावलेली. यांच्या फोटोपुढे लहान पोरासारखे रडले. माणूस चांगला आहे. मी उगीच हसले होते.

कन्यादान धोंडीराम भाऊजी आणि जाऊबाई करतील. मला कोण पुढे होऊ देणार?

१० मे

लग्न लागलं. मी मांडवामागे पाण्याच्या टाकीपाशी होते. व्याही हात धुवायला आले. आसपास कोणी नाही असं वाटून त्यांनी बाह्या वर सारल्या.

दोन्ही कोपरांवर तेच. तशाच चंदेरी खपल्या.

मग मी दिसले. घाईने बाही ओढत म्हणाले, "ताई, कोणले सांगू नका. ललितनं लगीन मोडी जाई म्हनीसन लपाडं."

मी तांब्या उचलून त्यांच्या हातावर पाणी घातलं. आमच्या यांना आता कोण सांगणार!