कुंकू पुसलेला फोटो

प्रिय रेवती,

फोन तू उचलत नाहीस, मेसेजवर ब्लू टिक येते आणि पुढे काही नाही. बरोबरच आहे तुझं. बोरिवलीला येऊन तुझ्या दारात उभी राहणार होते, पण चपला घातल्या आणि परत काढल्या. कुठल्या तोंडाने येऊ? म्हणून हे कागदावर. फाडलंस तरी चालेल, पण वाचून फाड.

रविवारी मुलुंडच्या माझ्या प्रदर्शनात काय झालं ते तुझ्या घरून कळलंच असेल. बाळकाका इस्त्रीचा शर्ट घालून, काकूंना घेऊन हौसेने आले. समोर काय, तर काकूंचाच, तुझ्या आईचा भलामोठा ब्लॅक अँड व्हाइट फोटो, कपाळ मोकळं, वर झेंडूचा हार आणि खाली नाव, 'आई'. काकूंचा हात पटकन कपाळाकडे गेला, कुंकू जागेवर आहे का बघायला. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. काकांनी हार हळूच उतरवून बाकावर ठेवला आणि काकूंचा हात धरून निघून गेले.

तुला माहितीये, भांडुपच्या स्टुडिओत लग्नं, मुंजी, पासपोर्ट फोटो हे पोटासाठी. चेहरे काढते ते माझ्यासाठी. तू चिडवायचीस, अनु, तुझ्या फोटोतली सगळी माणसं तुझ्यासारखीच रुसलेली का गं दिसतात? मी वर शहाणपणा शिकवायचे, की फोटोत समोरच्याइतकाच काढणाराही असतो. काय एकेक वाक्यं फेकायचे यार!

काकूंना फोटोला बसवलं ते त्याच तोऱ्यात. त्या पैठणी नेसून, नथ घालून आल्या होत्या. मी म्हटलं, नथ नको, हे साधं सुती पातळ नेसा, केस मागे घट्ट ओढा, हसू नका. मग म्हटलं, कुंकूही पुसा. त्या हसल्याच. अगं बाई, हे चांगले धडधाकट आहेत ना अजून! तरी पुसलं पदराने. का, तर अनु म्हणते म्हणून. माझी आई गेल्यापासून त्यांनी माझा शब्द कधी मोडला नाही. फोटो झाल्याझाल्या मात्र आरशासमोर गेल्या आणि आधी कुंकू लावलं, मग माझ्याशी बोलल्या.

घट्ट केस, फिकं सुती पातळ, मोकळं कपाळ. ओळखलंस ना कोण ते? बाबा गेल्यावर माझी आई अशीच राहायची. जगाचे चेहरे काढत फिरले मी, पण तिचा एक धड फोटो नाही माझ्याकडे. कॅमेरा काढला की ती पदर तोंडावर घ्यायची आणि मी म्हणायचे, काढू नंतर. भिंतीवर आहे तो तुझ्या लग्नाच्या ग्रुप फोटोतून कापलेला, शेजारी कुणाचं तरी कोपर. त्याला हार घालायला माझा हातच होत नाही.

मी सगळ्यांना सांगितलं, हॉल झाडणाऱ्या सुंदराबाईंचा गैरसमज झाला, उद्घाटनाचा उरलेला हार त्यांनी परस्पर घातला. आयोजकांनी त्यांना चारचौघांत झापलं आणि मी गप्प. खोटं आहे ते, रेवती. त्यांनी आधी मला विचारलं होतं, ताई, तुमची आई ना? गेली का? मी हो म्हटलं. हार माझ्यासमोर घातला आणि मी हात जोडले. तेवढा वेळ मला काकू आठवल्याच नाहीत. लिहायला लाज वाटते, पण खूप बरं वाटलं गं मला. काल सुंदराबाईंचे पाय धरून आले, आयोजकांनाही खरं सांगितलं. फोटो उतरवलाय. काकूंकडे एकटीने जायची हिंमत नाही, तू नेशील? कॅमेरा आणणार नाही. फक्त कुंकवाचा करंडा आणेन. ज्या तोंडाने पुसा म्हटलं, ते वर करून त्यांच्या कपाळाला एकदा माझ्या हाताने कुंकू लावायचंय. लावू देतील का, एवढंच त्यांना विचारून सांग.

अजून तुझीच म्हणवून घेऊ देशील तर,
तुझीच अनु