फार तर दोन आठवडे

१२ जानेवारी १९९७, रविवार

सांगून टाकलं एकदाचं! कॉफी ओतता ओतता म्हटलं — या उन्हाळ्यात आपण चौदा दिवस गाडीने हिंडायला जाणार. सगळे. वर उत्तरेला, देश संपतो तिथपर्यंत. एस्कोने साखरेचा खडा कपात टाकला, ढवळला, अर्धा कप प्यायला. मग म्हणाला, "गाईंना सांगितलंस का?"

हा आमच्या नवऱ्याचा विनोद. एकवीस वर्षं ऐकतेय.

एकवीस वर्षांत आम्ही दोघं सलग दोन रात्री घराबाहेर झोपलेलो नाही. लग्न झाल्यावर एक रात्र कुओपिओच्या हॉटेलात काढली, तीही पहाटे साडेतीनला उठून परत — धारांसाठी. अठरा गाई. सकाळी पाच, संध्याकाळी पाच. नाताळ असो, ताप असो, घरात कुणी मेलेलं असो. पण विर्पी आता अठराची झाली. ऑगस्टमध्ये हेलसिंकीला नर्सिंग शिकायला जाईल, मग येईल ती पाहुणी म्हणून. धाकटी सुवी दहाची. सासूबाई पासष्टच्या. पाचही जणांचा एकत्र असा हा शेवटचा उन्हाळा, आणि तो मला गोठ्यात घालवायचा नाहीये. लिहून ठेवलं, आता माघार नाही.

१५ जानेवारी

पालिकेच्या कचेरीत फोन केला. आम्हा दूधवाल्या शेतकऱ्यांना वर्षाची हक्काची रजा असते, तेवढे दिवस पालिका बदलीवाली पाठवते आणि ती गोठा बघते. आम्ही रजा घेतो — आणि गवत कापतो! मागच्या वर्षी तर एस्को रजेवर असताना दारात उभा राहून त्या बाईला कास कशी पुसायची ते शिकवत होता. ती पुन्हा आमच्याकडे आली नाही. फोनवरच्या मुलीने विचारलं, चौदा दिवस सलग? तुम्ही? कुणी आजारी आहे का घरात?

२ फेब्रुवारी, रविवार

नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरलाय, ताटं त्याच्यावरच ठेवतोय. बटाट्याच्या रश्श्याचा डाग ओउलू शहरावर पडला.

पक्कं ठरवलंय, डोकं ठिकाणावर ठेवून आखायचं. शेजारच्या आइमोसारखं नाही. तो पठ्ठ्या तीन दिवसांत सगळा देश बघून आला आणि त्याला आठवतात ते फक्त पेट्रोलपंप. दिवसाला दोनशे किलोमीटर, फार तर अडीचशे. सासूबाईंचे गुडघे दीड तासात आखडतात. सुवीला वळणावर उलटी होते, ती पुढे बसेल. प्रत्येक मुक्कामाला छोटी लाकडी खोली, चूल आणि वाफेच्या अंघोळीचा सॉना. हॉटेल नाही. एक दिवस कपडे धुवायला मोकळा. एक दिवस पावसाचा मोकळा. एक दिवस भांडणाचा मोकळा — हे विर्पीने सुचवलं, पण मी खरंच धरलाय.

तारखा: १४ ते २७ जुलै. तोवर वाळलं गवत आत आलेलं असेल आणि दुसरी कापणी ऑगस्टला. वर्षभरात तेवढीच एक फट.

९ फेब्रुवारी

एस्कोने स्वतःहून नकाशा मागून घेतला! मला केवढा आनंद. सुवीच्या दप्तरातलं कंपास घेऊन तासभर बसला होता. मला वाटलं, किलोमीटर मोजतोय.

आत्ता बघितलं. आमच्या घरावर टोक रोवून वर्तुळ काढलंय त्याने. तीन तासांत परत येता येईल एवढं. आणि सगळेच्या सगळे मुक्काम वर्तुळाच्या आत! म्हणजे चौदा दिवस मी माझ्याच गोठ्याला प्रदक्षिणा घालायची. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात, ते काही खोटं नाही. विचारलं तर म्हणतो, ओमेना दुसऱ्या कुणाच्या हाताला पान्हा सोडत नाही. तीन दिवस दूध कोंडलं की कास सुजेल. हे मात्र खरं आहे. ओमेना आमची सगळ्यात दुधाळ गाय, आणि सगळ्यात हट्टी.

२३ मार्च

नवी बदलीवाली चाचणीसाठी आली होती दोन दिवस. सिनिक्का नाव. पन्नाशीची, पैलवानासारखे दंड, बोलते कमी. गोठ्यात शिरल्या शिरल्या प्रत्येक गाईला नावाने हाक मारून पाठीवर हात फिरवला. पाटीवरून वाचून, पण तरी. सतरा गाईंनी निमूट धार दिली. ओमेनाने पान्हा चोरला. मशीन लावलं तर जेमतेम दोन लिटर. एस्को दारात उभा होता, हाताची घडी घालून. तोंडावर दुःख, पण डोळ्यांत आनंद मावत नव्हता. मी लग्न केलंय या माणसाशी. मला कळतं.

सिनिक्का जाताना मला हळूच म्हणाली, तुमचे मालक दारात असताना गाय माझं कशाला ऐकेल?

१२ एप्रिल, शनिवार

आज लबाडी केली. ट्रॅक्टरचा पट्टा हवाच होता, पण आजच हवा होता असं नाही. एस्कोला दुपारी शहरात पिटाळलं. सिनिक्काला बोलावून घेतलं. पाचची धार तिने काढली. गोठ्यात मी नाही, एस्को नाही, एस्कोचा कोटसुद्धा खुंटीवरून काढून घरात आणून ठेवला. सिनिक्का सांगत होती, ओमेनाने दोनदा मान वळवून दाराकडे बघितलं. मग उसासा टाकला आणि पान्हा सोडला. अकरा लिटर!

आता हे त्याला सांगायचं कसं? मला वाटलं होतं मी नाचत सांगेन. तो आला, पट्टा टेबलावर ठेवला, थंडीने नाक लाल झालेलं. सांगितलं. तो कितीतरी वेळ बूटच काढत राहिला.

"म्हणजे माझ्यावाचून चालतं तिचं," म्हणाला.

मी म्हटलं, "अरे, ती गाय आहे. बायको इथे उभी आहे."

हसला नाही.

१४ एप्रिल

दोन दिवस अबोला. भांडणाचा मोकळा दिवस घरीच वापरून झाला.

१६ एप्रिल

सकाळी एस्कोने सुवीकडे खोडरबर मागितला. ते वर्तुळ घासून घासून खोडलं. पूर्ण जात नाही, पेन्सिल फार दाबली होती त्याने. मग बोट ठेवलं थेट वरच्या टोकावर, तेनो नदीवर. म्हणाला, इथे सामन मासा मिळतो म्हणे. एवढंच. पण मी भांड्यांकडे तोंड करून उभी राहिले, कारण डोळे भरून आले होते. सामन!

४ मे, रविवार

मुक्काम ठरवून झाले. कुसामो दोन रात्री, सोदांक्यूला एक, इनारीच्या तळ्याकाठी तीन, तेनोवर दोन, मग पश्चिमेच्या बाजूने खाली, समुद्राकाठी शेवटचे. सुवीने वहीच केलीय. पहिल्या पानावर यादी: डासांचं औषध (चार बाटल्या), आजीची उशी, उलटीच्या पिशव्या, पत्ते. विर्पी आधी नाक मुरडत होती. आता तिने गाणी भरून तीन कॅसेट तयार केल्यात. व्हॅन धुतली, तरी खताचा वास आहेच. गेल्या हिवाळ्यात त्यात आजारी वासरू नेलं होतं. असू दे, वासावरून आम्हाला कोण ओळखत नाही?

२० जून, शुक्रवार

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. आता सासूबाई!

आज उन्हाळ्यातला मोठा सण, म्हणून दर वर्षीसारखा दुपारी सॉना पेटवला. मी आणि त्या दोघीच आत होतो. मी म्हटलं, आई, निळा कोट घ्या हं बरोबर, तिकडे थंडी असते. त्या म्हणाल्या, मी कुठे येतेय? मी राहते. घराला कोणीतरी लागतं.

मी म्हटलं, सिनिक्का आहे ना. ती गाईंना, म्हणाल्या. घराला कोण?

मग सांगितलं त्यांनी. इतकी वर्षं या घरात आहे मी, पण त्यांच्या तोंडून सलग कधी ऐकलं नव्हतं. चव्वेचाळीस सालचा जून. त्या बाराच्या. त्यांचं गाव कारेलियात, युद्धात आपल्या देशाने गमावलेल्या भागात, आता सीमेपलीकडे. लढाई जवळ आली आणि निघा म्हणून निरोप आला. एकदा आधीही असंच निघाले होते आणि परत आले होते, म्हणून कुणी रडलं नाही. त्यांच्या आईने गाडी भरून झाल्यावर गुडघ्यांवर बसून घरातली सगळी जमीन पुसली. फळी न फळी. मग फडकं वाळत घातलं आणि म्हणाली, फार तर दोन आठवडे. सासूबाई गाईचं दावं धरून चालत निघाल्या, आठ दिवस. मागे वळून बघितलं तेव्हा जमीन अजून ओली असेल, एवढंच त्यांच्या मनात होतं म्हणे. ते घर पुन्हा दिसलं नाही.

"सगळेच गेलो म्हणून गेलं ते," म्हणाल्या. "एक जण जरी राहिला असता तरी."

राहिला असता तर काय झालं असतं, हे त्यांनाही माहीत आहे. मी त्यांच्या पाठीवर पाणी ओतत राहिले.

आता लक्षात येतंय — या घरातून सगळे जण एकदम कधीच बाहेर पडलेले नाहीत. आमच्या लग्नालासुद्धा त्या चर्चमध्ये नव्हत्या. गाय वितेय म्हणाल्या होत्या. कुठलीही गाय वीत नव्हती!

६ जुलै, रविवार

गवत आत आलं. पाऊस एक थेंब नाही. सगळ्या जगाची इच्छा आहे आम्ही जावं, एका बाईची सोडून.

९ जुलै

हत्ती गेला आणि शेपूट अडकलं. एस्को म्हणाला, आई एकटी कशी राहील चौदा दिवस, मीही थांबतो, तुम्ही तिघी जा. गाडी विर्पी आणि तू आलटून पालटून चालव. अगदी शांतपणे म्हणाला. जणू मीठ दे म्हणतोय.

विर्पी खोलीत गेली, दार आपटलं. सुवी वहीतली आजीची उशी खोडायला लागली. मी तिच्या हातातून पेन काढून घेतलं. राग आलाय मला. नवऱ्याचा, सासूचा, त्या लढाईचा, सगळ्याचा. आणि रागाची लाजही वाटते, कारण म्हातारीचं काय चुकलं? पण मग माझंही काय चुकलं?

११ जुलै, शुक्रवार

बोलले. ठरवून नाही. सासूबाई पीठ मळत होत्या, प्रवासात आम्हाला भाताच्या करंज्या हव्यात म्हणून. आम्हाला! स्वतः येणार नाहीत, पण करंज्या साठ.

मी म्हटलं, "आई, तुमच्या आईने त्या दिवशी कुणालाही मागे ठेवलं नव्हतं. गाईलासुद्धा नाही. आणि मी सासूला ठेवून जाऊ?"

हात थांबले त्यांचे. पिठाकडेच बघत होत्या. मला वाटलं आता रडतील किंवा मला हाकलतील. दोन्ही नाही. म्हणाल्या, लाटणं दे. लाटणं दिलं. साठ करंज्या झाल्या आणि त्या स्वतःच्या खोलीत निघून गेल्या.

जास्त बोलले का मी?

१३ जुलै, रविवार

सिनिक्का आली. तिला सगळं दाखवलं. ओमेनाने तिचा हात चाटला. एस्कोने बघितलं आणि खाली मान घातली.

आम्ही तिघी उद्या निघतोय. मी एस्कोचीही बॅग भरली आणि दाराआड ठेवली. वेडेपणा आहे, कळतंय मला.

१४ जुलै, सोमवार

गाडीत लिहितेय, अक्षर हलतंय.

सकाळी सगळं भरून झालं. एस्को धारा उरकून गमबुटांतच अंगणात उभा, निरोप द्यायला. मी बादली आणि फडकं घेऊन स्वयंपाकघरात गुडघ्यांवर बसले. घर स्वच्छ केल्याशिवाय कुठे निघायचं नाही, ही सवय माझ्याही आईचीच. दारात सावली पडली. सासूबाई. निळा कोट, हातात पर्स, काखेत उशी. वाकून त्यांनी माझ्या हातातलं ओलं फडकं काढून घेतलं आणि बादलीत टाकलं.

"राहू दे मळकी," म्हणाल्या. "आल्यावर पुसू."

आणि जाऊन व्हॅनमध्ये बसल्या. एस्कोने त्यांच्याकडे बघितलं, गोठ्याकडे बघितलं. मग गमबूट न काढताच तरातरा स्वयंपाकघरातून आत गेला आणि दाराआडची बॅग घेऊन आला. जमिनीवर चिखलाची पावलं, जातानाची आणि येतानाची. तशीच ठेवून निघालोय.