टाचण्या तोंडाबाहेर

तीर्थस्वरूप अक्कास धाकट्याचा नमस्कार. गुडघा कसा आहे? (बरा असला तरी घरात सांगू नकोस, लगेच कामाला लावतील.) इकडे सगळे ठीक, फक्त माझ्या अब्रूचे तीनतेरा वाजलेत.

नात दोन वर्षांची होऊन गेली, तरी तोंडातून शब्द नाही. कान तपासले, ठणठणीत. सूनबाई कामावरून आली की तिच्यापुढे बसते, "आई म्हण ना गं" म्हणते, आणि पोरगी ओठ घट्ट मिटून नुसतं "हंम्" करते. मग सूनबाई स्वयंपाकघरात जाऊन भांडी जरा जास्तच वेळ घासते. मला ते बघवत नाही.

शेवटी मुलांना बोलतं करणाऱ्या बाई गाठल्या. मूल दिवसभर असतं ती जागा दाखवा म्हणाल्या. म्हणजे माझं शिलाईचं दुकान. तिथे अर्धा तास बसून त्यांनी पोरीकडे कमी आणि माझ्याकडेच जास्त पाहिलं. चाळीस वर्षं मी टाचण्या ओठांत धरून काम करतोय. गिऱ्हाइकानं हात वर करायचा तर "हंम्", वळायचं तर "हंऽम्". पोरगी बिचारी माझी भाषा अस्खलित बोलत होती.

आता टाचण्या उशीत, तोंड मोकळं. बाईंचा हुकूम असा की हातातलं काम तिला बोलून सांगायचं, आणि मग गप्प राहून तिची वाट पाहायची. परवा वकीलसाहेब कोटाच्या मापाला आले. मी आपलं इमानदारीत सांगितलं, "आता आजोबा साहेबांचं पोट मोजतात. पोट मोठं आहे." आणि मनात दहा मोजत थांबलो. साहेबांना वाटलं, उत्तर त्यांनीच द्यायचंय. ते खाणं कसं सुटत नाही ते सांगू लागले (त्यांनाही गप्प करावं लागलं). तेवढ्यात टेबलाखालून आवाज आला, "मोथ्थं." साहेब माप अर्धवट टाकून निघून गेले. मी रडलो, तुझ्यापाशी काय लाजायचं.

तुझा,
धाकटा

ता. क. "आई" अजून आलेलं नाही. सूनबाई हसून म्हणते, येईल. भांडी मात्र घासतेच आहे.

दुसरा ता. क. मीही तीन वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हतो, हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. तू मला कडेवर घेऊन दिवसभर बोलायचीस आणि माझ्या तोंडाकडे बघत थांबायचीस. तेव्हा तू अवघी नऊ वर्षांची. महिनाभर ये ना अक्का. फक्त एक कर. मी पहिला शब्द "अक्का" म्हणालो होतो, आणि आईनं तो हसत ऐकला, पण मनाला लावून घेतला होता. हिच्याकडून "आई" आधी म्हणवून घे.