बाबांचा डबा रांगेत

३ मार्च

चि. ठकूस,
अ. उ. आ.

नमुन्यांच्या थंड डब्यातच हे पत्र प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलंय. चार मुलं आहेत. ताप, पुरळ, आणि तीन-चार दिवसांत एका पायातली ताकद जाते. इथल्या सगळ्या तपासण्या निगेटिव्ह आल्या. चाळीस वर्षं मुलं तपासतोय, पण असं कधी पाहिलं नाही. तुमच्या प्रयोगशाळेत विषाणूची जनुकं वाचतात म्हणून तुझ्याकडे धाव घेतली. जमल्यास लवकर बघ.

आई विचारतेय, केस वाढवलेस की कापलेस, तेवढं तरी कळव. लोभ आहेच, अधूनमधून उत्तर धाडून तो टिकव.

तुझा,
बाबा

८ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

डबा पोचला. केस कापले.

आमच्या मशीनमध्ये एका वेळी चोवीस नमुने लागतात, आणि घाणा भरल्याशिवाय ते लावत नाहीत. तुमचे धरून पंधरा झालेत. आमचे साहेब म्हणाले, लहान मुलांचं आहे, हवं तर अर्धाच घाणा लावू, तीन दिवसांत उत्तर मिळेल. मीच नको म्हटलं. वडिलांचा डबा पुढे काढला असं उद्या कुणी बोलायला नको. घसा सुजला तरी तुम्ही मला दवाखान्यात शेवटच्या बाकावर बसवायचात, ते मी विसरलेले नाही. आता बसा तुम्ही बाकावर!

आईला नमस्कार. माझ्यावर रागावा, पण लोभ कमी करू नका.

तुमची,
ठकू

२२ मार्च

चि. ठकूस,
अ. उ. आ.

बसलोय बाकावर. केलंस ते बरोबरच केलंस, बापाच्या वळणावर गेलीस म्हणायची.

आणखी दोघांचे नमुने पाठवतोय. पाचवा मुलगा त्या चौघांच्याच वॉर्डातला. सहावी मात्र वॉर्डात पाऊलही न टाकलेली, सहा वर्षांची. आम्ही तिला बडबडी म्हणतो. बारा तारखेला साध्या खोकल्यासाठी माझ्या खोलीत आली होती. मुलांच्या कानात स्टेथोस्कोप घालून त्यांचं त्यांनाच हृदय ऐकवायची माझी जुनी खोड तुला ठाऊक आहे. बडबडी ऐकल्याशिवाय हलतच नाही. म्हणते, आत घोडा पळतोय. आता तिचा डावा पाय लुळा पडलाय. तिला कुठून लागण झाली, डोकं चालत नाही. मी दर मुलानंतर सगळं स्पिरिटने पुसतो.

घाणा भरला का? आठवण काढतो, तशी तूही काढत जा.

तुझा,
बाबा

१४ एप्रिल

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

घाणा एकदाचा भरला आणि परवा उत्तर आलं. हा विषाणू आजवर फार थोड्या मुलांमध्ये नोंदला गेलाय. सहाही मुलांची जनुकं अक्षराला अक्षर लावून पाहिली. बडबडीचा विषाणू चौथ्या मुलाच्या विषाणूवरूनच पुढे आलाय, फक्त दोन अक्षरं बदललीत. म्हणजे लागण दवाखान्यातच झाली.

बाबा, हा स्पिरिटने मरत नाही. साबणाने घासून धुवावं लागतं, नाहीतर ब्लीच. आठ मार्चला मी हो म्हटलं असतं, तर अकराला तुम्हाला हे कळलं असतं. ती बाराला आली. दोन दिवस कॅलेंडरसमोर बसून मी हेच मोजतेय. फार वाईट वाटतंय.

वॉर्डातल्या खाटा, खेळणी सगळं धुऊन घ्या. लोभ राहील ना?

तुमची,
ठकू

२० एप्रिल

चि. ठकूस,
अ. उ. आ.

धुतलं सगळं. खाटा, खेळणी म्हणालीस, एका वस्तूचं नाव मुद्दाम घेतलं नाहीस. मला कळलं. त्या दिवशी बडबडीच्या आधी चौथ्या मुलालाच तपासलं होतं. स्टेथोस्कोप या डब्यात आहे. तपास आणि खरं काय ते कळव.

तुझ्याइतकाच मीही चुकलो. पहिल्या पत्रात जमल्यास लवकर बघ, असं लिहिलं मी. मुलीकडे मागायला लाजलो. डॉक्टर म्हणून हट्ट धरायला हवा होता.

काल बडबडी पाय ओढत आली. तो पाय पूर्ण सुधारणार नाही, हे तिच्या आईला मीच सांगितलं. तिने घोडा ऐकायला मागितला. स्टेथोस्कोप माझ्या मुलीकडे पाठवलाय म्हणालो, तर विचारते, तुमची मुलगी आजारी आहे का.

लोभाचं असं पुन्हा विचारायचं नाही.

तुझा,
बाबा

२ मे

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तपासला. काही सापडलं नाही. इतक्या दिवसांनी सापडणारही नव्हतं. तेव्हा तुमच्या हातून झालं असं म्हणता येत नाही, आणि नाही झालं असंही नाही. माझं मात्र तारखेनिशी नोंदीत आहे. आम्ही लिहितोय त्या शोधनिबंधात मी एक ओळ घातली, की नमुने एका महिन्याहून जास्त काळ थांबवले. साहेब म्हणाले गरज नाही. मी ती काढली नाही.

स्टेथोस्कोप साबणाने धुऊन परत पाठवतेय. पाठवण्याआधी कानात घालून बघितला. खरंच बाबा, घोडाच पळतो.

बडबडीला सांगा, डॉक्टरांची मुलगी आजारी नाही, तिला फक्त उशीर झाला. आणि ती येईल तेव्हा बाहेर कितीही गर्दी असो, तिला बाकावर बसवू नका.

तुमची,
ठकू