हातातली फरशी

नागपूर, सोमवार, १३ जानेवारी २०२५. दुपारी सव्वा वाजता, डबा खाऊन.

प्रिय अपेक्षा,
तुला आणि पोटातल्या जिवाला माझी माया.

मी बरा आहे. फोनवर मी सारखं मार्चमधल्या बाळंतपणाचं विचारतो, मग तुला गेल्या वर्षी गेलेलं बाळ आठवतं आणि आपण फोन ठेवून देतो. म्हणून हे पत्र.

सकाळी कामावर माझ्याकडून फुलांच्या नक्षीची एक फरशी उलटी बसली. आमचे मिस्त्री रुपरावकाका म्हणाले, "काहून गा, जीव रामटेकले ठेवून आला का? हातातली फरशी पाह्य!"

ती काढून सरळ बसवली. तेवढा वेळ मार्चची भीती वाटली नाही.

तिकडे रामटेकला आईंचा गुडघा कसा आहे? तू अंगणात उन्हाला बसतेस ना? मलाही शेजारी बसावंसं वाटतं.

मार्चचं काही लिहू नकोस. आज बाळ हललं का, तेवढंच कळव.

तुझाच,
अश्विन